टू-फेज पाइपलाइनमधला स्लग फ्लो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंट्रोल रूममध्ये नव्याने बसणारी पोरं, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी आणि पाइपिंग डिझाइनमधले काही जुने मित्र मला फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवलेली बरी. पुस्तकी मराठीत याला ‘द्विप्रावस्था प्रवाह’ म्हणतात, पण साइटवर हा शब्द उच्चारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणून इथे टू-फेजच, म्हणजे एकाच पाइपातून वायू आणि द्रव दोन्ही एकत्र वाहणं.

स्लग फ्लो म्हणजे नेमकं काय?

तुमच्या इमारतीत पाणी ठरावीक वेळी येत असेल, तर तुम्ही तो रोज पाहता. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो, मग एकदम खोकल्यासारखा पाण्याचा फवारा मारतो, पुन्हा नुसती हवा, पुन्हा फवारा. बादली थरथरते. पाइपात हवा आणि पाणी दोन्ही आहे, पण ते मिसळून एकसारखं येत नाही, आळीपाळीने येतं.

तेल-वायूच्या लाइनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर होतं. पाइपाचा पूर्ण छेद भरून द्रवाचा एक लोंढा जातो, त्यामागे वायूचा लांबलचक फुगा जातो, मग पुन्हा लोंढा. त्या लोंढ्याला स्लग म्हणतात. फुग्याच्या खाली पाइपाच्या तळाशी द्रवाचा पातळ थर संथपणे सरकत असतो. हा थर लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

स्लग म्हणजे ती बिनशंखाची गोगलगाय ना?

शब्द तोच आहे. पण इथे अर्थ ‘गोळा’ किंवा ‘तुकडा’ असा. शिवाय आपला स्लग गोगलगायीच्या चालीने अजिबात जात नाही.

वायू आणि द्रव वेगळे करून दोन पाइपांतून का पाठवत नाहीत?

पाठवता आले तर सगळ्यांनाच हवं आहे. पण विहिरीतून तेल, वायू आणि पाणी एकत्रच वर येतं. ते वेगळं करायला सेपरेटर लागतो, त्याला जागा लागते, त्याचं वजन पेलणारा प्लॅटफॉर्म लागतो. समुद्रात प्रत्येक टनाचा हिशेब असतो. त्यामुळे विहिरीच्या छोट्या प्लॅटफॉर्मवरून सगळं एकाच लाइनमधून प्रोसेस प्लॅटफॉर्मकडे ढकलायचं आणि तिथे वेगळं करायचं, हा मार्ग स्वस्त पडतो.

मुंबई हायचंच घ्या. १९७४ साली तिथे तेल सापडलं, १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, जवळपास ७५ मीटर खोल पाण्यात विहिरींचे प्लॅटफॉर्म विखुरलेले आहेत आणि त्यांच्यामध्ये समुद्रतळावर लाइनांचं जाळं आहे.

दुसरं कारण जरा फसवं आहे. तुम्ही नुसता वायू पाठवलात तरी टू-फेज टळेलच असं नाही. समुद्रतळाच्या गारव्यात वायू थंड होतो आणि त्यातले जड घटक द्रव होऊन खाली बसतात. त्याला कंडेन्सेट म्हणतात. लाइनच्या सुरुवातीला वायू असतो आणि शेवटी वायू अधिक द्रव मिळतो.

सपाट पाइपात स्लग तयार कसा होतो? कोणी अडवत तर नाही.

हा माझा आवडता प्रश्न आहे. वेग कमी असताना वायू वरून आणि द्रव खालून, असे दोघं गुण्यागोविंदाने जातात. याला स्तरित प्रवाह म्हणतात. वायूचा वेग वाढला की तळ्यावर वारा सुटल्यावर येतात तशा द्रवावर लाटा उठतात. लाटेच्या माथ्यावर वायूला जायला जागा कमी उरते, म्हणून तिथे त्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की दाब घटतो. दोन कागद जवळ धरून मधून फुंकर मारा, ते लांब न जाता एकमेकांकडे ओढले जातात. लाटेचंही तसंच होतं, घटलेला दाब तिला वर ओढतो. गुरुत्वाकर्षण तिला खाली खेचतं. या रस्सीखेचीला केल्व्हिन-हेल्महोल्ट्झ अस्थिरता असं भारदस्त नाव आहे. ओढ जिंकली की लाट पाइपाच्या छताला टेकते आणि वायूची वाट बंद होते. मागून येणारा वायू मग त्या द्रवाच्या बुचाला जोरात ढकलतो.

आता तो तळाचा पातळ थर आठवा. तो संथ आहे आणि स्लग वेगात आहे. त्यामुळे स्लगचं तोंड पुढचा द्रव पोटात घेत जातं आणि शेपटीकडून तेवढाच द्रव मागे सुटत जातो. गर्दीच्या लोकलमध्ये पुढच्या दाराने जितके चढले तितकेच मागच्या दाराने उतरले, तर डब्यातली गर्दी तेवढीच राहते, माणसं मात्र बदलत राहतात. स्थिरावलेला स्लग असाच असतो. म्हणूनच स्लगचं तोंड त्याच्या आतल्या द्रवापेक्षाही जास्त वेगाने पुढे सरकतं.

किती वेगाने?

निकलिन आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मांडलेलं रूप आजही हाताशी ठेवण्यासारखं आहे. स्लगमागच्या फुग्याचा वेग म्हणजे मिश्रणाच्या सरासरी वेगाच्या साधारण १.२ पट, अधिक फुग्याचा स्वतःचा वेग. स्थिरावलेल्या स्लगचं तोंडही याच वेगाने जातं. आडव्या पाइपात हा दुसरा भाग गुरुत्वत्वरण आणि व्यास यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाच्या ०.५४ पट धरतात, उभ्या पाइपात ०.३५ पट.

आकडे घालून पाहू. पाइपाचा आतला व्यास ०.२ मीटर, मिश्रणाचा वेग सेकंदाला ३ मीटर. १.२ गुणिले ३ म्हणजे ३.६. गुणाकाराचं वर्गमूळ १.४, त्याच्या ०.५४ पट म्हणजे ०.७६. बेरीज सेकंदाला ४.३६ मीटर. तुमच्या शीटवर वेग ३ लिहिलेला असतो, बेंडवर, म्हणजे पाइपाच्या वळणावर, येऊन आदळणारी गोष्ट ४.३६ ने आलेली असते. सरासरी आकड्यावर डिझाइन केल्यामुळे होणाऱ्या चुकांची इथून सुरुवात होते.

आणि लांबी?

इथे जपून. प्रयोगशाळेतल्या छोट्या पाइपांत हवा-पाण्याचा स्लग व्यासाच्या सुमारे ३० पट लांब असतो, आणि हा आकडा लोक डोळे मिटून वापरतात. १६ इंची लाइनला तो लावला तर १२-१३ मीटर उत्तर येतं. पण अलास्कातल्या प्रुडो बे तेलक्षेत्रात १२ आणि १६ इंची लाइनांवर चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे शेकडो फूट लांबीचे स्लग सापडले. शिवाय सगळे स्लग सारखे नसतात. बहुतेक मध्यम आणि अधूनमधून एखादा दांडगा, अशी त्यांची विभागणी असते. सेपरेटर ट्रिप करतो, म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप बंद पाडतो, तो दांडगा.

सगळे स्लग एकाच प्रकारचे असतात का?

नाही, आणि उपाय प्रकारावर ठरतो म्हणून हे आधी ओळखायला हवं. लाटेतून जन्मणारा वर सांगितलेला प्रकार म्हणजे हायड्रोडायनॅमिक स्लग. हे लहान आणि वारंवार येतात, मिनिटाला काही किंवा काही मिनिटांनी एक. दुसरा प्रकार भूरूपामुळे होतो. लाइन टेकडी-दरीतून जाते, खोलगट भागात द्रव साचतो, वाट बंद होते आणि दाब वाढला की साचलेलं सगळं एकदम निघतं. तिसरा आपण स्वतः ओढवून घेतो, म्हणजे पिग (लाइन झाडणारा बोळा, त्याबद्दल पुढे) सोडताना, बंद लाइन सुरू करताना किंवा फ्लो पटकन वाढवताना.

चढाचं एक लक्षात असू द्या. पाइप अगदी एक अंशाने जरी वर चढत असला तरी द्रव रेंगाळतो आणि स्तरित प्रवाह टिकणं अवघड होतं. उतारावर उलट, द्रव पळत सुटतो आणि स्लग विरून जाऊ शकतो. ड्रॉइंगवर आडवी दिसणारी लाइन जमिनीवर आडवी नसते.

सिव्हियर स्लगिंग म्हणजे फक्त मोठा स्लग का?

फक्त मोठा नाही, तो वेगळ्याच यंत्रणेने होतो. समुद्रतळावरची लाइन थोडी उताराची असावी लागते आणि शेवटी प्लॅटफॉर्मवर चढणारा उभा पाइप, म्हणजे रायझर. विहिरींचा जोर ओसरलेला, फ्लो कमी. अशा वेळी चार अंकी नाटक सुरू होतं.

पहिल्या अंकात रायझरच्या पायथ्याशी द्रव साचून वाट बंद होते. वर प्लॅटफॉर्मवर शांतता, वायू जवळजवळ बंद. दुसऱ्या अंकात रायझर हळूहळू भरत जातो, मागे लाइनमध्ये वायू कोंडतो, दाब चढतो. रायझर काठोकाठ भरला की द्रव शांतपणे सेपरेटरमध्ये ओसंडू लागतो. तिसऱ्या अंकात कोंडलेला वायू पायथ्याचं वळण ओलांडून रायझरमध्ये शिरतो. चौथ्यात, वायू शिरल्यामुळे वरचा स्तंभ हलका होतो, हलका झाल्यामुळे आणखी वायू आत घुसतो, आणि राहिलेला सगळा द्रव बंदुकीच्या गोळीसारखा वर येतो. त्यामागे वायूचा झंझावात. दाब कोसळतो, भिंतींवरचा द्रव खाली ओघळतो, पुन्हा पहिला अंक.

मुंबई हायच्या खोलीचा, ७५ मीटरचा रायझर धरा, त्यात घनमीटरला ८५० किलो घनतेचं तेल. पूर्ण भरला की पायथ्याशी सव्वासहा बार जास्तीचा दाब. म्हणजे दर फेऱ्याला विहिरींच्या तोंडावर जवळपास तेवढाच दाब चढतो आणि उतरतो. एक फेरा काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत चालू शकतो.

हे कधी घडेल याची कसोटी सोपी आहे. रायझरमधल्या द्रवस्तंभाचा दाब लाइनमधल्या वायूच्या दाबापेक्षा भरभर वाढत असेल, तर वायूला वाट मिळत नाही आणि नाटक सुरू होतं. म्हणून मागे वायूचा साठा जितका मोठा, तितका धोका मोठा. लांब, जाड, अर्धीमुर्धी वापरलेली जुनी लाइन हे त्याचं माहेरघर.

कोणता फ्लो मॅप वापरावा?

फ्लो मॅप म्हणजे वायू आणि द्रवाच्या वेगांवरून प्रवाह स्तरित असेल, स्लगचा असेल की आणखी कसला, हे दाखवणारा नकाशा. बेकर यांचा नकाशा १९५४ चा. मंधाने, ग्रेगरी आणि अझीझ यांचा १९७४ चा, तो आडव्या पाइपांच्या भरपूर प्रयोगांवर बेतलेला. टायटेल आणि डुकलर यांनी १९७६ मध्ये नुसते ठिपके न जोडता भौतिकशास्त्रातून सीमारेषा काढल्या, म्हणून व्यास, घनता, उतार बदलले की त्यांच्या रेषाही बदलतात. मी हाच आधी काढायला सांगतो. पण तुमचा बिंदू रेषेच्या जवळ पडला तर स्लग आहे असंच धरा. नकाशावरची रेषा म्हणजे गावाची वेस आहे, भिंत नव्हे.

प्रत्यक्षात त्रास काय होतो?

एक रात्र सांगतो. एका किनाऱ्यावरच्या टर्मिनलवर, शटडाउननंतर लाइन तीन आठवडे निम्म्या फ्लोवर चालली होती. रात्रपाळीत फ्लो वाढवायचा निरोप आला. पॅनलवरच्या पोराने तासाभरात तो पूर्णावर नेला. पहिले काही तास काहीच झालं नाही. पहाटे इनलेट सेपरेटरची लेव्हल ४५ टक्क्यांवरून चढू लागली, ड्रेन व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी चढतच राहिली, आणि हाय-हायला, म्हणजे लेव्हलच्या धोक्याच्या वरच्या मर्यादेला, ट्रिप. वायू फ्लेअरला, म्हणजे जाळून टाकायच्या चिमणीला. बाहेर आभाळ नारिंगी. सकाळच्या मीटिंगमध्ये एका साहेबांनी विचारलं, “द्रवाचा सरासरी फ्लो डिझाइनच्या निम्माही नाही, मग ट्रिप कसली?”

हिशेब असा. समजा लाइन १०० किलोमीटरची, आतला छेद ०.२६४ चौरस मीटर. कमी फ्लोला वायू द्रवाला ओढू शकत नाही, समजा ३ टक्के जागेत द्रव साचला, म्हणजे ७९० घनमीटर. पूर्ण फ्लोला तिथे १ टक्काच राहू शकतो, २६४ घनमीटर. उरलेले सव्वापाचशे घनमीटर कुठे जाणार? दहा हजार लिटरचे बावन्न टँकर समजा, एकामागोमाग एक गेटवर. साहेबांची सरासरी बरोबर होती. सेपरेटरला सरासरी दिसत नाही, त्याला फक्त आत्ता आलेलं दिसतं.

दुसरा त्रास बेंडवर. ०.२ मीटर व्यास, स्लगची घनता घनमीटरला ६८० किलो, वेग सेकंदाला १० मीटर. काटकोनी बेंडवर सुमारे ३ किलोन्यूटन, म्हणजे ३०० किलो वजनाइतका धक्का. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. एकदा बसला तर पाइप सोसतो, पण दर मिनिटाला बसला तर सपोर्ट सैल होतात आणि वेल्डला थकव्याच्या भेगा जातात. धक्का अचानक येतो म्हणून डिझाइनमध्ये तो दुपटीपर्यंत वाढवून धरतात. तिसरा त्रास डोळ्यांना दिसत नाही. स्लगच्या तोंडाशी खळबळ इतकी असते की पाइपाच्या भिंतीवरचं गंजरोधक रसायनाचं अस्तर टिकायला अवघड जातं.

हा वॉटर हॅमरच ना?

नाही. वॉटर हॅमरमध्ये भरलेल्या पाइपातला प्रवाह अचानक अडतो आणि दाबाची लाट ध्वनीच्या वेगाने धावते. स्लगमध्ये प्रत्यक्ष द्रवाचा गोळा येऊन वळतो.

स्लग कॅचर कसा काम करतो?

नाव मोठं, तत्त्व साधं. वेग कमी करा, द्रवाला खाली बसू द्या आणि लोंढा सामावेल इतकी रिकामी जागा ठेवा. एक प्रकार म्हणजे मोठं भांडं. दुसरा ‘फिंगर’ प्रकार, म्हणजे जाड पाइपांच्या समांतर, किंचित उताराच्या रांगा. वायू वरच्या टोकाने निघतो, द्रव खालच्या टोकाला साचतो. उच्च दाबाचं प्रचंड भांडं बनवण्यापेक्षा पाइपच जोडत जाणं स्वस्त पडतं, पण जागा मैदानाएवढी लागते. म्हणून हा किनाऱ्यावरच शोभतो. समुद्रातल्या वसई वायुक्षेत्राचा वायू दोनशे किलोमीटरहून लांब लाइनने गुजरातेत हजीऱ्याला येतो, तिथे असा कॅचर आहे. उरणच्या प्लँटलाही स्लग कॅचर आहेच.

आकाराचा अंदाज: २० इंची लाइन, आतला छेद ०.१९ चौरस मीटर, ३०० मीटरचा स्लग, त्यात ८० टक्के द्रव. सुमारे ४५ घनमीटर. पण कॅचर बहुधा यावर ठरत नाही, पिगिंग आणि फ्लो वाढवतानाच्या लोंढ्यावर ठरतो.

पिग सोडल्यावर काय?

पिग म्हणजे लाइनमधून ढकलला जाणारा, पाइपात घट्ट बसणारा बोळा. तो पुढचा सगळा द्रव झाडून आणतो. पिग यायच्या आधी कॅचरची लेव्हल खाली आणून ठेवा आणि फ्लो कमी ठेवा. भोक असलेला बायपास पिग वापरला तर थोडा वायू पुढे निसटतो, पिग सावकाश येतो आणि त्याच्यापुढचा द्रव फेसाळून लांबवर पसरतो. माझं मत विचाराल तर, रोज थोडं झाडावं. महिन्याने एकदम झाडायला गेलं की केराचा ढीग होतो.

रायझरवरचा चोक थोडा बंद केला की स्लगिंग थांबतं. हे कसं?

चोक म्हणजे रायझरच्या माथ्यावरचा, प्रवाह कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह. ऑपरेटर हे अनुभवाने करतात आणि ते बरोबर आहे. चौथा अंक आठवा. स्तंभ हलका होतो, प्रवाह सुटतो, म्हणून आणखी हलका होतो. अर्धवट बंद चोकमधून प्रवाह वाढला की तिथला दाबफरकही वाढतो. म्हणजे स्तंभाचं वजन जितकं घटलं, तितका ब्रेक चोक लावतो. उधळणं तिथेच थांबतं.

किंमत मात्र रोज मोजावी लागते. मागचा दाब वाढतो आणि आधीच थकलेल्या विहिरी आणखी कमी देतात. शिफ्ट शांत जाते म्हणून चोक कायमचा आवळून ठेवलेला मी पाहिला आहे, आणि त्यापायी गेलेलं तेल कोणाच्या लॉगबुकात येत नाही. त्यापेक्षा रायझरच्या पायथ्याचा दाब मोजून त्यावर चोक आपोआप हलता ठेवला, तर तो जास्त उघडा ठेवूनही प्रवाह स्थिर राहू शकतो. दाब मोजणारं यंत्र पायथ्याशी नसेल तर हे काम बरंच अवघड होतं. तिसरा मार्ग पायथ्याशी वायू सोडून स्तंभ हलका ठेवण्याचा. चालतो, पण वायू खूप लागतो आणि कॉम्प्रेसर हवा.

सॉफ्टवेअर सगळं सांगतं, मग हे शिकायचं कशाला?

ओल्गा हा टू-फेज प्रवाहाचं गणित करणारा प्रोग्रॅम नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घडला, आणि ट्रॉन्डहाइमजवळच्या टिलर इथल्या ८ इंची चाचणी-लाइनवरच्या मापांनी त्याला बळ दिलं. चांगलं हत्यार आहे. पण तुम्ही लाइनचा उंचसखलपणा दर किलोमीटरला एक बिंदू देऊन भरलात, तर मधली खोलगट जागा त्याला दिसणारच नाही. आधी सर्व्हेचं प्रोफाइल मागा. दुसरं, सरासरी ट्रेंडशी जुळवू नका. पॅनलवरचा डेटा मिनिटाची सरासरी करून साठवलेला असतो आणि त्यात स्लग पुसले जातात. सेकंदाचा डेटा मागा.

घरी प्रयोग करून पाहता येईल का?

येईल, दोन-तीनशे विद्यार्थ्यांना तोंडी सांगून झालाय. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणा, साधारण १२ मिलिमीटर आतल्या व्यासाची. फिशटँकचा हवेचा पंप, २० लिटरचा पाण्याचा रिकामा जार आणि एक टी-जोड. पंपाची हवा जारमध्ये, जारच्या झाकणातून नळी बाहेर, सांधे एम-सीलने घट्ट. नळी टेबलावर किंचित उतरती ठेवा, शेवटी वळवून पाऊण मीटर सरळ वर न्या आणि तोंड बादलीत सोडा. उताराच्या वरच्या टोकाशी टी-जोडातून पाण्याची बारीक धार द्या, मिनिटाला दीडशे मिलिलिटरच्या आसपास. पाण्यात चिमूटभर रंग टाकलात तर बघायला मजा येते.

उभ्या नळीत रंगीत पाणी चढत जाईल, काठाला येईल, क्षणभर थबकेल, आणि मग तळाच्या वळणातून बुडबुडा आत शिरताच सगळं फर्रकन बादलीत. मिनिटाभराने पुन्हा. आता जार काढून पंप थेट नळीला जोडा. पंप तोच, पाणी तेच, पण नाटक बंद, नुसती बुडबुड. कोंडायला हवाच उरली नाही.

जमिनीवर आधी गोणपाट टाका. पहिल्या वेळी नळीचं तोंड बादलीतून निसटतंच.